भोंगेवाल्याची आई

नगरपालिकेच्या गाडीवर भोंगा लावून तो गल्लोगल्ली सूचना देत फिरायचा, म्हणून सगळे त्याला भोंगेवालाच म्हणत. आजची सूचना मात्र साधी नव्हती: "टाकीत औषध जास्त पडलंय. नळाचं पाणी पिऊ नका."

त्याची स्वतःची गल्ली नेमकी शेवटची, आणि घरात एकटी आई, तीही ठार बहिरी. फोन वाजला तरी तिला कळायचं नाही. साहेबांनी तर बजावलं होतं, एकही गल्ली सुटता कामा नये. जीव टांगणीला लागला, तरी त्याने एकही गल्ली गाळली नाही. एका आजोबांनी गाडी अडवून "आंघोळ चालेल का?" असं विचारलं, तेव्हा तेवढा तो खेकसला.

घर येताच गाडी तशीच सोडून तो आत धावला. भोंग्याने कानठळ्या बसतात म्हणून त्याच्याशी रोज कडाकडा भांडणारी शेजारीण आईजवळ बसली होती. आईच्या हातात पेला होता. त्याने तो झडप घालून काढून घेतला.

"माझ्या घरचं कालचं पाणी आहे," शेजारीण म्हणाली. "तुझं बोंबलणं पार चौकातून ऐकू आलं. म्हटलं, हिला कोण सांगणार?"