न गेलेला 'हो'

साखरपुड्यानंतर होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज आला, "लग्नानंतर पुण्यात राहायला आवडेल ना?" मी लगेच 'हो' लिहिलं, पण मेसेज जाईचना. रिचार्ज केलं, फोन बंद करून चालू केला, गच्चीवरही चढून पाहिलं. चार दिवस तेच. स्वतःहून फोन करायची लाज वाटत होती. शेवटी जीपनं नारायणगावला मोबाईलच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "ताई, मेसेज ज्याच्यावरनं जातो, त्या मेसेज सेंटरचा नंबरच फोनमधनं उडालाय. कितीबी पाठवा, जाणार न्हाई." त्यानं नंबर टाकला आणि माझा 'हो' एकदाचा गेला.

लगेच त्यांचा फोन आला. "अगं, तू नाराज आहेस असं वाटून मी पारगावला तुमच्या घरी आलोय. तुझ्या आईंनी दुसऱ्यांदा पोहे वाढलेत. लवकर ये!"

दुकानदारासमोरच मला हसू आवरेना.