शिंपल्यांखालचं नाव

रेनो लाहतीला सापडलेलं जहाज रेनोचं नव्हतं, आणि ते त्याला मान्य होतं. मिशिगन सरोवराच्या तळाशी रुतलेलं बेवारस जहाज सरकारचं, त्याला हात लावायचा नाही, हा कायदा आला तेव्हा तरण्या रेनोनं त्याच्या बाजूनं सही केली होती. लोक बुडालेल्या जहाजांचे नांगर उपसून हॉटेलांच्या अंगणात मांडत, ते त्याला बघवत नसे.

आता साठीत तोच कायदा त्याच्या उरावर बसला होता.

मासेमारीचं जाळं अडकलं म्हणून तो बुडी मारून खाली गेला, तर थंड हिरव्या काळोखात अख्खं लाकडी जहाज उभं. मागच्या फळीवर नाव असणार. पण फळीवर चार बोटं जाड शिंपल्यांचा थर. सुरी कमरेला होती. दोन मिनिटांचं काम. त्यानं नुसता तळवा टेकला, कातडी सोलून घेतली आणि तसाच वर आला.

त्याची हिल्मा आत्या पंच्याण्णव वर्षांची. तिचा बाप 'क्लारा हेडन' जहाजावर खलाशी. ती तीन वर्षांची असताना जहाज गेलं ते गेलंच. गाव म्हणे, बुडालं कसलं! विकून खाल्लं, आणि खलाशी मंडळी शिकागोत दुसरे संसार थाटून बसली. पण गावच्या बंदरापासून तीन मैलांवरचं हे जहाज तेच निघालं, तर बाप घरीच येत होता.

रेनोनं थर खरवडायची परवानगी मागितली. कचेरीतून अर्ज परत आला: जहाजाचं नाव भरा.

"अहो बाई, नाव कळावं म्हणूनच तर खरवडायचंय!" तो फोनवर ओरडला.

"रकाना रिकामा चालत नाही, साहेब."

मग त्यानं लिहिलं, 'क्लारा हेडन'. चार महिने गेले. खाली शिंपले वाढत राहिले. शेवटी उत्तर आलं. आत्यानं कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला आणि म्हणाली, "वाच."

"जहाजाची ओळख अर्जदारास आधीच असल्याने खरवडण्याचे कारण उरत नाही. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे."

"म्हणजे ते तेच जहाज, असं म्हणतात?"

"तेच आहे असं मी म्हणतो, असं ते म्हणतात."

"तू वाचलंस नाव?"

"नाही, आत्या."

"त्यांनी?"

"खुर्चीवरून उठले तर वाचतील ना!"

"मग सुरी काय शोभेला बांधतोस, गाढवा?"

"आज मी खरवडलं, की उद्या नांगरवाले हजर."

आत्यानं कोरा अर्ज त्याच्यापुढं सरकवला. "पुन्हा लिही. मी पंच्याण्णवची आहे, तेही लिही."

"त्याला जागाच नाही गं अर्जात."

"मग पाठीमागं लिही."

रेनोनं कागद उलटा केला.