लिंबाएवढा चंद्र

परवा सकाळी गच्चीवर मी लोणच्याची लिंबं पुसत होते. पूर्वेला सूर्य चढलेला, आणि डोक्यावर चक्क अर्धा चंद्र! सूनबाई म्हणाली, "आई, एक लिंबू त्याच्याशेजारी धरा बरं." धरलं, आणि अगं बाई, लिंबूही तस्संच, अर्धं उजळलेलं, अर्धं सावलीत!

"म्हणजे तो झिजत नाही?"

"नाही हो. उजेडाची बाजू आपल्याला कधी कमी दिसते, कधी जास्त. चंद्र कायम अख्खाच."

मी हातातलं लिंबू खाली ठेवलं. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला मी चंद्रालाच ओवाळते. तेव्हा तो नखाएवढा दिसतो.

"मग यंदा भावाकडे ओवाळणी मागा," सूनबाई हसली.

मला हसू येईना. एवढा धडधाकट भाऊ, आणि त्याला रोडावलेला समजून मी दरवर्षी ताम्हण हातात धरून रडत होते!