पाहुण्यांची खोली

गादीवाला आयुष्यात खोटं फार थोडं बोलला होता. धंदाच तसा. जुना कापूस नवा म्हणून भरला, तर महिन्याभरात गादीत गोळे होतात आणि गिऱ्हाइकाची पाठ तक्रार घेऊन दुकानात येते. म्हणूनच परदेशी स्वयंसेवकांची घरोघरी सोय लावणाऱ्या संस्थेच्या बाईंनी "ही खोली कोणाची?" असं विचारल्यावर तो "पाहुण्यांची" म्हणाला, ते इतक्या सफाईने, की त्याची बायको त्याच्याकडे नव्याने बघायला लागली.

खोली त्याच्या आईची होती. दुकानाच्या मागची, खिडकीची, घरातली एकुलती एक उजेडाची. आई घसरून पडली, खुबा मोडला, तेव्हा तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वृद्धाश्रमात ठेवलं, ते चालायला लागेपर्यंत. आई चालायला लागली. पण तोवर खोलीत कापसाची पोती आली होती, आणि ती हलवायचं काम दर आठवड्याला पुढच्या आठवड्यावर जात होतं. संस्थेच्या बाई येणार म्हटल्यावर मात्र पोती एका दुपारीत हलली. हे गादीवाल्याच्या लक्षात आलं. लक्षात आलं नसतं, तर त्याला झोप लागली असती.

पाहुणी आली ती चौकटीला डोकं आपटूनच. उंच, हसरी, आणि आभार मानण्याच्या बाबतीत अत्यंत उधळी. पाणी दिलं तरी आभार, पाणी गेलंय म्हणून सांगितलं तरी आभार. भाषा ती पुस्तकातून शिकून आली होती. "मी आपणांस उपद्रव तर देत नाही ना?" असं ती बादली मागताना विचारायची.

"अहो, हिच्याशी बोलताना मला कोर्टात साक्षीला उभं राहिल्यासारखं वाटतं," बायको म्हणाली.

"मग खरं बोल."

"ते तुम्ही बोला आधी."

हळूहळू न्हाणीघराची कडी उचलून धरून लावायची असते, दुकानात कापूस पिंजत असताना दार उघडायचं नसतं, काका जेवताना बोलत नाहीत, हे सगळं ती शिकली. तिचं काम कुठे, हे मात्र संस्थेला कोणी विचारलंच नव्हतं. ते तिनेच पहिल्या आठवड्यात जेवताना सांगितलं. "मी वृद्धाश्रमात जाते."

गावात वृद्धाश्रम एकच होता. बायकोने तिच्या ताटात वाढलेलीच भाजी परत वाढली.

त्या दिवसापासून गादीवाल्याने आईला भेटायला जाणं बंद केलं. कारण सोपं होतं: तिकडे पाहुणीने पाहिलं तर? जिची खोली काढून घेतली तिला भेटणंही काढून घेतलं, एवढा हिशेब त्याला कळत होता. पण पाहुणी कधीतरी परत जाणारच होती. आई कुठे जात नव्हती.

आणि मग रोज संध्याकाळी ताटावर आजी यायच्या. नाव नाही, नुसत्या आजी. पाहुणीला तिथे सगळ्यांत आवडलेल्या.

"आजी म्हणतात, तिथल्या गादीत कापूस नाही, पाप भरलंय." "आजी म्हणतात, माझं बोलणं ऐकून त्यांना पोस्टातून पत्र आल्यासारखं वाटतं. मला 'आपणांस' बोलायला बंदी केली आहे." तिची भाषा दिवसेंदिवस सुधारत होती. गादीवाल्याला ती सुधारणा घास गिळताना टोचायची, कारण ती भाषा त्याने लहानपणी मार खाताना ऐकली होती.

एकदा पाहुणी म्हणाली, "आजींनी विचारलं, तू कुठे उतरलीस. मी सांगितलं, गादीच्या दुकानामागे. तर म्हणाल्या, खिडकी रात्री वाजत असेल तर फटीत कागदाची घडी घाल. आणि काका, गंमत बघा, आपली खिडकी खरंच वाजते!"

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. आईला कळलं होतं.

"म्हाताऱ्या माणसांना सगळ्या खिडक्या माहीत असतात," बायको म्हणाली, आणि मीठ आणायला उठली. मीठ पुढ्यातच होतं.

पाहुणीला कशाचाच संशय येत नव्हता. चांगल्या माणसांना संशय घ्यायची सवय नसते, आणि त्यांच्या चांगुलपणाचा इतरांना होणारा हा सगळ्यात मोठा त्रास.

सुट्टीच्या दिवशी ती दुकानात येऊन बसली. गादीवाला दाभणाने गादीला टाके घालत होता. थोडा वेळ बघून ती म्हणाली, "काका, मी मारू एक गाठ? मला येते."

तो हसला. दाभण दिलं. तिने दोरा ओढला, बोटाभोवती फिरवला आणि गाठ आवळली, ती उलट्या अंगाने वळलेली.

गादीवाल्याची आई डावखुरी. तिची गाठ तशीच पडायची. गावातल्या जुन्या गाद्यांवर ती अजून होती आणि सुटत नव्हती. त्याने ती शिकायचा पुष्कळ प्रयत्न केला होता, पण उजव्या हाताला ते साधलं नाही, आणि आई पडल्यावर आता ती गाठ संपली, असं त्याने हळहळून गिऱ्हाइकांना सांगितलंही होतं. आई जिवंत असताना.

"आजींनी शिकवली," पाहुणी म्हणाली. "चुकली का?"

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

"मग काका, त्यांच्यासाठी एक गादी कराल? मी आश्रमात विचारलंय. चालेल म्हणाले."

त्याने गादी केली. कापूस निवडताना त्याने इतका वेळ घेतला, की बायको दोनदा येऊन बघून गेली. "एवढी मऊ केलीत तर त्या उठायच्या नाहीत," ती म्हणाली. मग खोळ शिवायला स्वतःच बसली. सासूशी तिचं कधी फार जमलं नव्हतं, पण टीप तिने दोनदा घातली.

गादी खांद्यावर घेऊन तो पाहुणीबरोबर निघाला. गादीचा एक फायदा असा, की ती खांद्यावर असली की माणसाचं तोंड दिसत नाही.

लांब दालनात कोपऱ्यातल्या पलंगावर आई बसली होती. बारीक झाली होती.

"आजी, हे माझे काका. ज्यांच्याकडे मी राहते."

आईने त्याच्याकडे वर बघितलं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "हे का ते गादीवाले? बसा हो. लांबून आलात. घरची मंडळी बरी आहेत ना?"

तिने त्याला दार उघडून दिलं होतं. त्याने नुसतं बाहेर पडायचं होतं. बरी आहेत म्हणायचं, गादी घालायची, पाणी प्यायचं आणि घरी यायचं. त्याने गादी घातलीसुद्धा. आईने हात फिरवून टाके पाहिले, त्यातल्या पाहुणीच्या गाठीपाशी बोट थांबवलं आणि म्हणाली, "माल चांगला वापरता."

तो "अहो आजी" म्हणणार होता. ते काही तोंडातून निघेना.

"ही माझी आई आहे," तो पाहुणीला म्हणाला.

पाहुणीचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागे कोणी उरलं नाही. "म्हणजे मी झोपते ती खोली..."

"हो."

आई भडकली. "अरे, काय गरज होती? मी इतके दिवस तोंड शिवून बसले ती कशासाठी? तुला हलकं वाटलं असेल आता. आणि या पोरीने आज त्या खोलीत झोपायचं कसं?"

त्याला मुळीच हलकं वाटलं नव्हतं. पण हे सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

"मला माहीत असतं, तर मी..." पाहुणी बोलू लागली.

"तू काय केलंस बाई? तुला खोली दिली, तू झोपलीस," आई म्हणाली. "खिडकी वाजते का अजून?"

"नाही. घडी घातली." आणि पाहुणी रडायला लागली.

पाहुणी त्याच्या आधी घरी पोचली. तो आला, तेव्हा तिची पिशवी दुकानात पोत्यांवर होती आणि बायको तिच्याबरोबर खोलीतला केर काढत होती. चादर बदललेली. पलंगाशी आईचा जुना पाट आणून ठेवलेला. जे काम त्याच्याने महिनोन्महिने झालं नाही, ते दोघींनी चहा निवायच्या आत केलं होतं.

"मी इथे झोपेन," पाहुणी पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाली. "आजींना कधी आणायचं?"

"ती येणार नाही म्हणते," गादीवाला म्हणाला. "मी विचारलं निघताना."

"काय म्हणाल्या नक्की?" बायकोने विचारलं.

"म्हणाली, पाहुण्यांच्या खोलीत मी राहत नाही."

बायकोने झाडू ठेवला, पदराने हात पुसले आणि त्याची चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली.

"परत जा," ती म्हणाली. "आणि या वेळी खांद्यावर काही घेऊ नका."