स्टिअरिंगचा निम्मा खर्च

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, लालबागच्या पुलाखाली आमच्या गाडीचं स्टिअरिंग बंद पडलं. अंदाजित रक्कम रुपये एकेचाळीस हजार तीनशे. हजर व्यक्ती चार: मी, माझी बायको सुनंदा, सासूबाई आणि मेहुणा संजय. (मागे अडकलेली एक बस, तीन टॅक्स्या आणि बर्फाची एक हातगाडी मी हजेरीत धरलेली नाही. पण पाहिलं त्यांनीही.)

आम्ही परळहून गिरगावला निघालो होतो. सासूबाईंच्या भावाकडे जेवण होतं. पुलाखालून उजवीकडे, चिंचपोकळीच्या दिशेला वळायचं म्हणून मी स्टिअरिंग फिरवलं. अर्धं फिरलं आणि समोर एक पिवळा दिवा लागला. त्यानंतर ते चाक कोणीतरी सिमेंटमध्ये बसवल्यासारखं झालं. आजकालच्या गाड्यांत स्टिअरिंगला हात आपण लावतो, जोर मात्र एक विजेची मोटर लावते. ती मोटर बसली की आपला खरा जोर किती ते कळतं. माझा फारसा नव्हता.

गाडी रस्त्यात आडवी. मी दोन्ही हातांनी ओढतोय. बाजूला बसलेला संजयही वाकून ओढायला लागला. तो उजवीकडे ओढत होता आणि मी, गडबडीत, डावीकडे.

एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "काका, गाडी चला रहे हो या विहीर से पानी काढ रहे हो?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "काय झाला?"

"आई, गाडी वळत नाहीये," सुनंदा म्हणाली.

"वळना नाय तर सरळ चला. पुढे खंयतरी पोचतलंवच."

पुढे खांब होता.

शेवटी संजय उतरला, त्याने दोन हातगाडीवाले गोळा केले आणि गाडी ढकलत कडेला लावली. त्याचा नवा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता. तो घाम पुसत माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "झालं भावोजी. कोणाला लागलं नाही ना?"

या प्रश्नाला माणसाने काय उत्तर द्यावं? मी असं दिलं: "संजय, पनवेलला गाडी कुठे आपटली होतीस?"

इथे थोडी मागची माहिती देणं भाग आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडून आणायला संजय आमची गाडी पनवेलला घेऊन गेला होता. गाडीच्या कप्प्यात माझी एक वही असते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, चाकांतली हवा, गाडीला कोणी हात लावला आणि का लावला. गाडीला नऊ वर्षं झाली, वहीही नऊ वर्षांची. त्या वहीत नोंद होती: 'संजय. पनवेल जाऊन येऊन. एकशे आठ किलोमीटर.' त्याच्या पुढची नोंद आजची. म्हणजे त्या दोन नोंदींच्या मध्ये गाडीला तिसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. आकडे खोटं बोलत नाहीत, असं माझं मत होतं, आणि ते मी पुलाखाली उभा राहून वही उघडून वाचून दाखवलं. हातगाडीवालेही ऐकत होते.

संजय म्हणाला, "कळंबोलीला एक खड्डा होता भावोजी. पण तो सगळ्यांनाच होता."

"बघ, म्हणजे खड्डा होता."

सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "मी मागेच बसललंय. खड्डो लागलो असतो तर पयलो माझ्या कमरेक कळलो असतो."

कंबर हा पुरावा मी ग्राह्य धरला नाही.

आम्ही टॅक्सीने गिरगावला गेलो. जेवताना मामांनी विचारलं, "उशीर का झाला?" मी पुन्हा वही काढली. (हो. गाडीतून काढून पिशवीत घेतली होती.) श्रीखंड वाढलं जात असताना मी एकशे आठ किलोमीटरचा हिशोब मांडला. संजयने दुसऱ्यांदा श्रीखंड घेतलं नाही. मला वाटलं, गोड कमी केलं असेल.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तर स्टिअरिंग पूर्वीसारखं हलकं, दिवा गायब. घरी येईपर्यंत काही झालं नाही. सोमवारी रजा टाकून मी सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलीने गाडीला यंत्र जोडलं आणि कागद छापून दिला.

"सर, स्टिअरिंगचा फॉल्ट आलाय. कॉलम असेंब्ली चेंज करावी लागेल. एकेचाळीस हजार तीनशे."

"रिपेअर?"

"आमच्याकडे रिपेअर नाही सर. चेंज."

"म्हणजे स्टिअरिंगचा पूर्ण दांडाच बदलायचा?"

"मोटर, सेन्सर, कॉम्प्युटर सगळं एकत्रच येतं." मग फॉर्म भरताना तिने विचारलं, "सर, मधे कोणी वायरिंगला, बॅटरीला वगैरे हात लावला होता?"

मी अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं, "बाहेरच्या कोणीही नाही."

तिने 'नाही' असं लिहिलं. हे उत्तर वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला आहे.

मी काही पहिल्या आकड्याला मान डोलावणारा माणूस नाही. मंगळवारी माटुंग्याला एक जण फक्त स्टिअरिंगच्या मोटरी दुरुस्त करतो त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "कॉलम उतरवून उघडावा लागेल. पंधरा ते अठरा. सहा महिन्यांची गॅरंटी." बुधवारी जुन्या सुट्या भागांच्या दुकानात चौकशी केली. अपघातातल्या गाडीचा कॉलम, नऊ हजार. गॅरंटी विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "साहेब, ती गाडी पण गॅरंटीत होती." बुधवारी रात्री मी तिन्ही पर्यायांचा तक्ता केला आणि सर्वांत महाग पर्याय निवडला. स्टिअरिंग ही जिवाची गोष्ट, तिथे कंजुषी नको, असं मी सुनंदाला समजावलं. खरं कारण इतकंच की निम्मे पैसे संजय देणार होता.

त्याला मी मागितले असं नाही. मी फक्त त्याला तक्त्याचा फोटो पाठवला. तळाशी लिहिलं होतं: 'निम्मा वाटा: २०,६५०.'

संजय एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. चिंचपोकळीहून भायखळ्याला रोज चालत जातो, कारण स्कूटरसाठी पैसे साठवत होता. गुरुवारी संध्याकाळी तो आला आणि टेबलावर पाकीट ठेवलं.

"वीस आहेत भावोजी. साडेसहाशे शनिवारी देतो."

"सावकाश दे," मी म्हणालो. हे दोन शब्द आजही आठवले की मी रिकाम्या खोलीतही मान खाली घालतो.

"आणि स्कूटर?" सुनंदाने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू ताई. चालणं बरं असतं."

तो चहा न घेता गेला. आमच्या घरातून संजय चहा न घेता गेल्याची ती पहिलीच वेळ. सुनंदा भांडी घासता घासता म्हणाली, "दोन आठवड्यांवर भाऊबीज आहे. तो नाही आला तर मी ओवाळू कोणाला? स्टिअरिंगला?"

"तो असा नाही."

"तो नाही. पण तुम्ही आहात."

शनिवारी साडेसहाशे आले. संजय स्वतः आला होता, कारण मीच बोलावलं होतं. गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायची होती आणि वाटेत स्टिअरिंग जड झालं तर ओढायला तरणा माणूस हवा होता. (होय, ज्याच्याकडून पैसे घेतले त्यालाच हमाल म्हणून बोलावलं.) सुनंदाही मागे बसली. म्हणाली, "माझ्यासमोर बोला काय बोलायचं ते."

मी चावी फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली. टक्. पुन्हा टक्. मग काहीच नाही.

गेला आठवडाभर चालू होताना ती अशी कण्हत होती खरी. तेही मी पनवेलच्या खात्यावर टाकलं होतं.

संजयने त्याच्या गल्लीतल्या पेडणेकर मिस्त्रींना फोन केला. गाड्यांचं विजेचं काम करणारे, साठीचे, हातात फक्त एक छोटा मीटर आणि खिशात पाना. ते आले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग चष्मा वर करून विचारलं, "ही पूजा कोणी घातली?"

सवयीने मी संजयकडे पाहिलं.

मग मला आठवलं.

माझे वडील गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला गिरणीतली यंत्रं पुसून, हळदकुंकू लावून उभी ठेवायची, त्या दिवशी त्यांना चालवायचं नाही, हा त्यांचा नेम. वर्षातून एक दिवस यंत्रालाही विश्रांती. गिरणी गेली तरी घरात ते पान्यांची आणि पकडींची पूजा करायचे आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधायचे. त्यांच्या मागे तो नेम मी चालवतो. गाडी कोणी चुकून चालू करू नये म्हणून खंडेनवमीला मी बॅटरीची वायर सोडून ठेवतो. यंदा त्यात थोडी भर घातली होती. वायर सोडल्यावर बॅटरीचा उघडा खुंट दिसला, त्याला हळदकुंकू लावलं, त्याच्याभोवती लाल दोऱ्याचे पाच वेढे घातले, वर झेंडूची पाकळी. दसऱ्याला सकाळी त्याच्यावरच वायरची पट्टी बसवली. आणि दोरा तुटून अपशकुन होऊ नये म्हणून नट बेताचाच आवळला.

पेडणेकरांनी संजयच्या ओळखीतली एक बॅटरी आणवून गाडी चालू केली. मीटर लावला. "आता स्टिअरिंग फिरवा." फिरवलं. मीटरचा आकडा धाडकन खाली आला, पिवळा दिवा लागला, चाक दगड.

"बघा. मोटरला वळताना एकदम करंट लागतो. तो येणार कुठून? मधे तुमचा देव बसलाय."

"पण पनवेलला जाऊन आली ना गाडी?" मी शेवटची काडी पकडली.

"सरळ रस्त्याला मोटरला काम नसतं साहेब. या माणसाने चांगली चालवली म्हणून आली."

त्यांनी पट्टी सोडली. आतून काळा पडलेला दोरा निघाला, हळदीचा लगदा निघाला आणि सुकलेली पाकळी. खुंट घासला, नवी पट्टी बसवली, नट घट्ट आवळला. गाडी एका चावीत सुरू झाली. मी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून पाहिलं. फिरलं. फिरायला नको होतं, असं क्षणभर वाटून गेलं.

सुनंदाने कप्पा उघडला, वही काढली आणि पनवेलच्या नोंदीच्या वरची ओळ, माझ्याच सुवाच्य अक्षरातली, मोठ्याने वाचली:

"'खंडेनवमी. बॅटरी सोडली. पूजा केली. दोरा बांधला. खर्च शून्य.'"

पुलाखाली आणि गिरगावात, दोन्ही वेळा, मी बरोबर त्याच्या खालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली होती.

"तुला माहीत होतं?" मी संजयला विचारलं.

"पनवेलहून आल्यावर वहीत लिहिलं तेव्हा वरची ओळ दिसली होती भावोजी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही वाचाल असं वाटलं."

मी तिथेच पाकीट त्याच्या हातात दिलं, साडेसहाशेसकट. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "मोजून घे." सुनंदाने कपाळावर हात मारला. मग मी म्हणालो, "चुकलो रे." पेडणेकर मीटरची वायर गुंडाळत होते. ते उगाचच जास्त वेळ गुंडाळत राहिले.

भाऊबीजेला संजय आला. आपल्या स्कूटरवरून आला. सासूबाई मागे बसून आल्या आणि उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, "हिका दोरो बांधू नकात हां, जावयबापू." ओवाळून झाल्यावर त्याने सुनंदाच्या ताटात साडी ठेवली आणि मग माझ्यासमोर पन्नासची एक, वीसची एक आणि दहाची एक नोट मांडली.

"हे काय?"

"पेडणेकरांनी एकशे साठ घेतले ना? माझा निम्मा वाटा. तुम्हीच ठरवलं होतं."

मी नको नको म्हणत होतो. सासूबाई म्हणाल्या, "घेवा. आणि पावती देवा तेका." सुनंदाने पेन पुढे केलं, तेव्हा पावती लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तर अखेरचा हिशोब असा. पेडणेकर मिस्त्रींना, पट्टीचे साठ आणि मजुरीचे शंभर मिळून एकशे साठ रुपये दिले. संजयला वीस हजार सहाशे पन्नास परत. संजयकडून ऐंशी रुपये मिळाले. कशाबद्दल, ते पावतीवर लिहिताना सुचेना, म्हणून सुनंदाने सांगितलं तसं लिहिलं: 'पूजेची दक्षिणा.' पूजा घालणारा मी, दक्षिणा घेणाराही मी, आणि आठवडाभर प्रायश्चित्त घेत होता तो मेहुणा.