पश्चिमेची भिंत

जाधवकाका गेल्याचं मला शीळफाट्याच्या साइटवर कळलं. ठेकेदाराच्या पत्र्याच्या ऑफिसात फोन आला, आमच्या ठाण्याच्या जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचा. "काल दुपारी गेले रे. झोपेतच. कळव्याला, घरीच." मी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. मिस्त्रीने दोनदा काहीतरी विचारलं, ते ऐकूच आलं नाही. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं... आता ते मला पुन्हा कधीच विचारणार नाहीत, हे आलं. त्या क्षणभराच्या सुटकेची लाज गेले पाच आठवडे माझी पाठ सोडत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

यशवंत जाधव एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ऐंशीच्या दशकात डिप्लोमा करून मी तिथे साइट सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. डिग्री नव्हती, पण नकाशे त्यांच्या ताब्यात होते. नकाशात बदल झाला की नवी प्रिंट साइटवर जायची, आणि काकांचा नियम असा, की जुनी परत आल्याशिवाय नवी हातात मिळणार नाही. परत आलेल्या जुन्या प्रिंटचा कोपरा ते ब्लेडने कापत, रजिस्टरमध्ये नोंद करत आणि मगच नवी देत. आम्ही चिडवायचो, "काका, रेशनच्या दुकानात बरे शोभला असतात." ते म्हणायचे, "अरे, साइटवर दोन नकाशे असले की मिस्त्री सोपा तोच बांधणार. मग इमारत कुणाची? ना तुझी, ना माझी."

त्यांना दुसरा एक ध्यास होता. इमारत बांधून ताबा दिला की आमचं काम संपायचं, काकांचं तिथून सुरू व्हायचं. खिशात थर्मामीटर घेऊन ते सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जायचे. कुठली खोली किती तापते, पंखा किती तास चालतो, दुपारी वीज गेली की माणसं कुठे जाऊन बसतात, सगळं वहीत उतरवायचे. डोंबिवलीच्या एक बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "काका, ताप घराला आलाय की मला, तेवढं एकदा सांगून टाका." यातूनच त्यांनी आमच्या आर्किटेक्टसाहेबांच्या गळी एक गोष्ट उतरवली होती. डोंबिवलीच्या नव्या इमारतीत पश्चिमेची भिंत दुहेरी बांधायची, दोन पातळ भिंती आणि मधे दोन इंचांची पोकळी. ऊन बाहेरच्या भिंतीवर अडेल, आतली गार राहील. "एकदा भिंतीला डोकं लावलं," ते म्हणायचे, "की पंखा जन्मभर कमी फिरतो."

दुहेरी भिंतीची नवी प्रिंट साइटवर न्यायचं काम माझं होतं. त्या आठवड्यात मला कल्याणला मुलगी बघायला जायचं होतं. जुनी प्रिंट आणायला डोंबिवलीला जाऊन परत ठाण्याला यायचं माझ्या जिवावर आलं. मी काकांना सांगितलं, "जुनी फाटली काका, मिस्त्रीने तिच्यावर सिमेंट कालवलं. आणण्यासारखी राहिली नाही." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "लग्नाळू माणूस तू, जा," म्हणून हसले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'जुनी फाटली.' मी खाली सही केली. नवी प्रिंट घरी कपाटावर ठेवली. मुलगी पसंत पडली, बोलणी झाली, पाहुणे आले... अकराव्या दिवशी मी साइटवर पोचलो तेव्हा पश्चिमेची भिंत जुन्या प्रिंटप्रमाणे एकेरी, बीमपर्यंत चढली होती. आतून गिलावाही झाला होता. मिस्त्री म्हणाला, "साहेब, नकाशात होती तशी बांधली. आता काय पाडायची?" मी जुनी प्रिंट फाडली, नवी त्याच्या हातात दिली आणि बाहेरूनही गिलावा करून घे म्हणालो. त्या भिंतीला खिडकी नव्हती. त्यामुळे तिची जाडी कुणाच्या डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात काका तिथे थर्मामीटर घेऊन जाऊ लागले. शेजारच्या जुन्या इमारतीत, त्याच दिशेच्या खोलीत दुसरा थर्मामीटर ठेवला. दोन महिने सकाळ-दुपार नोंदी केल्या. दोन्ही खोल्या सारख्याच तापत होत्या. का, ते मला ठाऊक होतं, आणि मी रोज त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो. शेवटी ते वही घेऊन साहेबांकडे गेले. दार उघडंच होतं. "साहेब, माझं चुकलं. पोकळीचा काही उपयोग नाही. तुमचा खर्च वाया घालवला." साहेब म्हणाले, "जाऊ द्या जाधव. प्रयोग होता."

त्या वेळी माजिवड्याच्या मोठ्या कामाचे नकाशे त्यांच्या बोर्डावर होते. त्यातही दुहेरी भिंत होती. काका जागेवर येऊन बसले, ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवरची त्या भिंतीची दुसरी रेघ खरवडायला लागले. कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हाताने. बराच वेळ तो खर्रखर्र आवाज येत होता. मी तोंड उघडलं... आणि विचारलं, "चहा सांगू का काका?" ते म्हणाले, "सांग."

त्या दिवशी बोललो असतो तर फार तर नोकरी गेली असती. माजिवड्याच्या त्या इमारतींत आज कितीतरी कुटुंबं राहतात आणि दुपारभर पंख्याखाली घामेजून बसतात. पण मला जास्त टोचतं ते हे, की ज्या माणसाने आयुष्यभर खरी नोंद सोडली नाही, त्याला मी खोट्या नोंदीवर विश्वास ठेवायला लावला आणि स्वतःवरचा विश्वास काढून घेतला.

पुढे मी ते ऑफिस सोडलं, काका निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या बाजारात अचानक भेटले. खूप वाळले होते. ख्यालीखुशाली झाली आणि एकदम माझा दंड धरून म्हणाले, "सुधीर, तू होतास रे तिथे. डोंबिवलीची ती भिंत बांधताना काही वेगळं घडलं होतं का?" इतक्या वर्षांनी! मी म्हणालो, "नाही काका." ते मान हलवत राहिले. "मग माझंच काहीतरी..." एवढंच म्हणाले आणि भाजीची पिशवी उचलून निघाले.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मुद्दाम गेलो नाही. गर्दीत तोंड लपवणं सोपं गेलं असतं. नंतरच्या रविवारी दुपारी कळव्याला त्यांच्या चाळीत गेलो. काकू होत्या आणि मुलगी वर्षा, ती शाळेत शिकवते. खोलीत शिरल्यावर काहीतरी चमत्कारिक वाटलं. बाहेरून दिसते त्यापेक्षा खोली आत अरुंद होती. माझी नजर फिरताना बघून काकू म्हणाल्या, "यांनी पश्चिमेच्या भिंतीला भिंत लावलीय आतून, मधे पोकळी सोडून. रिटायर झाल्यावर. दहा-बारा, दहा-बारा विटा पिशवीतून आणायचे. मी म्हटलं, आधीच एवढीशी खोली, आता माणसं काय खुंटीला टांगू?"

वर्षा म्हणाली, "दोन उन्हाळे मोजलं त्यांनी. एक थर्मामीटर शेजारच्यांकडे, एक आमच्याकडे. आमची खोली थंड राहायची. तर खूश व्हायचं सोडून एकच घोकत बसायचे, इथे जमलं तर डोंबिवलीला का जमलं नाही?"

मग मी सगळं सांगितलं. कपाटावरची प्रिंट, सही, बाजारातलं ते 'नाही काका'. काकूंनी हातातला पेला खाली ठेवला.

"म्हणजे बाबांचं बरोबर होतं," वर्षा म्हणाली.

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिने आवाज चढवला नाही. "शेवटी शेवटी म्हणायचे, माझ्या मोजण्यातच खोट असेल. थर्मामीटर तीनदा बदलून आणला त्यांनी."

मी चपलांकडे वळलो, तर काकू म्हणाल्या, "आता आलायत तर बसा. ऊन उतरू दे." चार वाजले होते. शेजारची माणसं घरात बसवेना म्हणून बाहेर गॅलरीत येऊन बसली होती. खोलीत टेकायला एकच जागा होती, पश्चिमेच्या भिंतीशी. मी तिथे टेकलो.

"बाबा तिथेच बसायचे," वर्षा म्हणाली.

मी उठायला गेलो. काकूंनी हातानेच बसा म्हणून खूण केली. बाहेर भिंतीवर ऊन नुसतं कोसळत होतं. माझ्या पाठीला भिंत गार लागत होती.