बोथट तोंडाची काडतुसं

परदेशातल्या केलीव्हिल या उपनगरात माझं दातांचं क्लिनिक आहे आणि शनिवारी सकाळी मी रिव्हॉल्व्हर चालवते. यातल्या पहिल्या गोष्टीचं कोणालाच काही वाटत नाही. दुसरी ऐकली की आमच्या मराठी मंडळींच्या पंगतीत जेवणाऱ्यांचे हात थांबतात. मग मी सांगते, की कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू टूची रायफल चालवायचे, पुढे संसारात ते राहून गेलं, आता मुलं युनिव्हर्सिटीत गेली, नवऱ्याला बागेतल्या टोमॅटोंचा नाद लागला आणि मला एक पिस्तूल क्लब सापडला. परवाना, पोलिसांची तपासणी, भिंतीला बोल्टने आवळलेली तिजोरी, वर्षातून ठरावीक मॅचेसना सक्तीची हजेरी, एवढं ऐकून लोक कंटाळतात आणि गाडी पुन्हा शाळांवर आणि घरांच्या किमतींवर येते. माझी त्याला काहीच हरकत नसते.

स्वतःचं रिव्हॉल्व्हर घ्यायची वेळ आली तेव्हा मी थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम घेतलं. त्याची गंमत अशी, की त्यात दोन जातींची काडतुसं चालतात. मॅग्नमची लांब आणि जबर, आणि थर्टी-एटची जरा आखूड, मवाळ. दुकानदार म्हणाला, कागदावरच मारणार असाल तर थर्टी-एट घ्या. मी मॅग्नम घेतली. माझा स्वभावच तसा आहे. मिक्सर घेतला तो सगळ्यात जास्त वॅटचा, मिरची आणते ती सगळ्यात तिखट. जोर जास्त असला की गोळी सरळ जाणार, असा माझा साधा हिशेब होता. पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला असा कितीसा जोर लागतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

गोळ्या सरळ गेल्या नाहीत. नेमबाजीत एखादी गोळी मधोमध लागली याला फारशी किंमत नसते. सगळ्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते बघतात आणि त्याला ग्रुप म्हणतात. माझा ग्रुप म्हणजे लग्नात उडवलेल्या अक्षता. सहा गोळ्या सहा ठिकाणी आणि त्यातल्या चार तरी काळ्या गोलाच्या खाली, डावीकडे. मी काडतुसं बदलली. दुसरी कंपनी, तिसरी कंपनी, हलकी गोळी, जड गोळी, तांब्याच्या आवरणाची गोळी. पण सगळी मॅग्नमचीच, कारण खाली उतरायचं म्हणजे हार. प्रत्येक बॉक्सला नंबर दिला आणि भोकं पडलेली टार्गेटं ओळीने गॅरेजच्या भिंतीवर लावली. नवरा ती बघून म्हणाला, "कोणाचे एक्स-रे आहेत हे?" मी म्हटलं, "काडतुसांचे." तो हसला आणि टोमॅटोंकडे गेला.

खरं सांगायचं तर मला काडतुसंच दोषी हवी होती. कारण ती निर्दोष सुटली तर मग माझा हातच उरत होता.

माझे बाबाही दंतवैद्य होते. साताऱ्यात त्यांचा दवाखाना होता. छप्पन्नाव्या वर्षी त्यांनी तो बंद केला आणि गावाला सांगितलं, पुष्कळ झालं, आता आराम. घरात आम्हाला कारण ठाऊक होतं. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. बाहेर कुठे गेले की ते तो हात पँटच्या खिशात घालून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टर आता जरा ऐटीत राहायला लागले. मी तेव्हा इंटर्नशिप करत होते आणि दवाखान्याची खुर्ची विकत घ्यायला आलेल्या माणसाशी मीच बोलले होते.

आता मी पंचावन्न वर्षांची आहे. क्लिनिकमध्ये माझा हात कधी चुकला नव्हता, पण सुरुवातीला बाबाही असंच म्हणायचे. बरं, दाखवायचं तरी कोणाला? आमच्या ओळखीचे न्यूरॉलॉजिस्ट मराठीच आणि त्यांची बायको गणपतीतल्या नाटकात माझ्या सासूचं काम करते. ही सगळी निमित्तं, हे मला कळत होतं. मी घाबरले होते, एवढंच खरं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं. चार महिने मी नवा बॉक्स उघडताना मनात म्हणायचे, वाईट निघ रे.

क्लबात पंचाहत्तरीचे एक जुने मेंबर आहेत. सगळा जन्म ट्रेन चालवण्यात गेला, आता शनिवारी येतात आणि सगळ्यांची टार्गेटं बघत हिंडतात. मला ते डॉक म्हणतात. त्या शनिवारी माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "किती बॉक्स झाले, डॉक?"

"आठवा चालू आहे."

"आणि सगळे रद्दी?"

"सगळे."

"मी मारू का सहा? यू डोन्ट माइंड?"

माझंच रिव्हॉल्व्हर, माझीच काडतुसं. त्यांनी घाई न करता सहा गोळ्या मारल्या. टार्गेट आणलं तर सहाही भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली गेली असती. म्हणजे काडतुसं निर्दोष सुटली. मी त्यांना म्हटलं, "माझा हात थरथरतो. माझ्या वडिलांचा थरथरायचा." हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, तेही इंग्रजीत आणि एका परक्या म्हाताऱ्याजवळ.

त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. म्हणाले, "राइट. बघू या मग." माझ्याकडे पाठ करून त्यांनी रिव्हॉल्व्हर भरलं आणि बंद करून माझ्या हातात दिलं. "यात काही खरी आहेत आणि काही उडवलेली रिकामी कवचं. कुठलं कुठे ते तुला माहीत नाही. तू नेहमीसारखी मार. मी फक्त नळी बघतो."

पहिली उडाली. दुसऱ्या वेळी मी चाप ओढला, नुसतं टिक् झालं आणि नळीने खाली बुडी मारली. बार नाही, धक्का नाही, तरी नळी खाली. ती मीच दाबली होती. पाचव्या वेळी पुन्हा तसंच.

"पाहिलंस?" ते म्हणाले. "चाप ओढेपर्यंत नळी खडकासारखी होती. थरथरणारा हात आधीपासून थरथरतो, मेट. तुझा हात दचकतो. बंदुकीची लाथ बसणार हे त्याला माहीत आहे, म्हणून तो आधीच अंग चोरतो."

मी तिथल्या बाकावर बसले. रोज माझ्या खुर्चीत माणसं बसतात आणि सुई लागायच्या आधीच अंग आखडून घेतात. मी त्यांना सांगते, सैल सोडा, अजून काही झालेलंच नाही. तीस वर्षं हे बघणाऱ्या बाईला आपलं दचकणं ओळखू आलं नाही. स्वतःचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं, की दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला अजून सांगता येत नाही.

क्लबच्या खिडकीवरून मी थर्टी-एटचा बॉक्स आणला, टार्गेटसाठी करतात तो. या गोळीला टोक नसतंच. ती कवचात काठापर्यंत खाली बसवलेली, वरून सपाट, बोथट. दुकानात मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण तिचा झटका म्हणजे कोणी खांद्यावर थोपटावं तेवढा आणि कागदावर भोक असं गोल आणि स्वच्छ, पंचिंग मशीनने पाडल्यासारखं. आजोबा मधूनमधून रिकामी कवचं घालतच होते. आधी मी दचकत राहिले, मग कमी, मग आणखी कमी. अखेर एकदा नुसतं टिक् झालं आणि नळीवरची साइट, नेम धरायची ती खूण, जिथे होती तिथेच राहिली. मी हात खाली न घेता तिच्याकडे बघत राहिले. रडले नाही, फक्त चष्म्यावर वाफ धरली. फार म्हणजे फार बरं वाटलं.

एका टार्गेटवरून निदान करू नये इतकं शिक्षण मला आहे. क्लबच्या रेंजवरूनच मी आमच्या जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांची, वेळ घेतली. ते मराठी नाहीत, व्हिएतनामी आहेत आणि नाटकात काम करत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला तपासलं, चालायला लावलं, लिहायला लावलं आणि काळजीचं काही नाही म्हणून घरी पाठवलं. दवाखाना बंद केला तेव्हाचं बाबांचं वय मला पुढच्या वर्षी लागेल. तेव्हाचं तेव्हा.

पण त्या दुपारी घरी आले तेव्हा हे सगळं व्हायचं होतं. नवरा घरामागच्या डेकवर बसून टोमॅटोच्या काठ्यांना सुतळी गुंडाळत होता. मी बूटही न काढता त्याला सगळं सांगितलं, बाबांपासून रिकाम्या कवचांपर्यंत. त्याने हात धुतले, आत गेला आणि चहा करून घेऊन आला. माझा कप त्याने अगदी जपून समोर ठेवला, कारण तो काठोकाठ भरलेला होता.

"अरे, एवढा?"

"गेले चार महिने दोन बोटं कमी भरत होतो," तो म्हणाला. "तुझ्या हातून सांडला असता तर तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"गॅरेजमध्ये हात समोर धरून उभी राहायचीस. मी तुझ्या बाबांना पाहिलंय ना."

आणि मी चार महिने समजत होते, की याने दुधात काटकसर सुरू केली आहे. मी कप उचलला. बशीत थोडा सांडलाच, पण तो हसण्यामुळे.